डोंगर कळतो कसा? किलिमांजारो, माहूर आणि पायांचं ज्ञान



संयोजकांनी विषय कळवला तेव्हा आम्हाला जरा नवल वाटलं. आफ्रिकेतल्या उंच डोंगराची पदभ्रमंती आणि चालण्याचे लाभ. नांदेडच्या व्याख्यानमालेत किलिमांजारो! पण विचार करू लागलो तसं लक्षात आलं, की हा विषय दिसतो तितका दूरचा नाही. आम्ही स्वतः किलिमांजारो चढलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यामुळे बूट कुठले घ्यावेत आणि थंडीचं जाकीट किती जाड असावं, हे आम्हाला विचारू नका. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. म्हणून आजचा आमचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, आणि तो इतिहासाच्या वाटेने सोडवू पाहणार आहोत. डोंगर माणसाला कळतो कसा? आणि तो पायांनी चढल्यावर असं काय हाती लागतं, जे पायथ्याशी बसून लागत नाही?

आपल्या न्यायशास्त्रात अनुमान शिकवताना एक ठरलेलं उदाहरण देतात. समोरच्या डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. शेकडो वर्षं पाठशाळांतून हेच उदाहरण चालत आलं. आम्हीही ते वर्गात किती वेळा दिलं असेल, गणती नाही. गंमत बघा, नैयायिकाला अग्नी दिसतो तो खालून. धूर पाहिला, निष्कर्ष काढला, काम झालं. डोंगर चढून जायची गरजच पडली नाही. ज्ञानाची साधनं सांगताना आपण प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द अशी नावं घेतो. प्रत्यक्ष म्हणजे स्वतः पाहिलेलं, अनुमान म्हणजे तर्काने काढलेलं, आणि शब्द म्हणजे भरवशाच्या माणसाने सांगितलेलं. किलिमांजारोचा इतिहास म्हणजे या तिघांचं भांडण आहे, असं म्हटलं तरी चालेल.

१८४८ साली योहानेस रेबमान नावाचा जर्मन मिशनरी मोंबासाहून आत, आजच्या टांझानियाच्या दिशेने चालत गेला. मे महिन्यात त्याला दूरवर एका डोंगराच्या माथ्यावर पांढरं काही दिसलं. त्याच्या वाटाड्याजवळ बर्फासाठी शब्दच नव्हता. तो म्हणाला, ती थंडी आहे. विचार करा, किती नेमकं उत्तर आहे! रेबमानला कळलं की हे बर्फ आहे. विषुववृत्तापासून अवघ्या तीन अंशांवर बर्फ. त्याने ते लिहून कळवलं, आणि लंडनमध्ये विल्यम डेस्बरो कूली नावाचे भूगोलाचे मोठे अभ्यासक त्याच्यावर तुटून पडले. कूलींनी आफ्रिकेचा तो भाग कधी पाहिलेला नव्हता. पण त्यांचं अनुमान पक्कं होतं. विषुववृत्तावर ऊन असतं, उन्हात बर्फ टिकत नाही, सबब त्या पाद्र्याला भास झाला. हा वाद पुढे बरीच वर्षं चालला. १८६२ साली बॅरन फॉन डेर डेकन हे ऑटो केर्स्टन यांच्यासह डोंगरावर चार हजार मीटरच्या वर गेले आणि त्यांच्या अंगावरच बर्फ पडलं, तेव्हा कुठे शंकेला जागा उरली नाही.

आता यात तिसरं प्रमाण कुठे गेलं, असं तुम्ही विचाराल. डोंगराच्या पायथ्याशी चग्गा लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते. केळी लावत होते आणि वरून येणारं पाणी पाट काढून शेतात फिरवत होते. आपल्याकडे विहिरीचं, ओढ्याचं पाणी पाटाने फिरवतात, अगदी तसंच. त्यांना माथ्यावरची थंडी ठाऊक होती. पण त्यांचा शब्द प्रमाण मानायचा, हे कोणाच्या मनातही आलं नाही. आप्तवाक्य कोणाचं धरायचं, याचं राजकारण असतं बरं का. ज्याच्या हाती छापखाना, त्याचा शब्द आप्त.

पुढे १८८९ साली हान्स मायर आणि ऑस्ट्रियाचा गिर्यारोहक लुडविग पुर्टशेलर हे ६ ऑक्टोबर रोजी माथ्यावर पोचले. मायरचा हा तिसरा प्रयत्न. पहिल्या वेळी बर्फाने अडवलं. दुसऱ्या वेळी किनाऱ्यावरच्या उठावात तो पकडला गेला आणि खंडणी देऊन सुटला. माथ्यावर पोचल्यावर त्याने त्या टोकाला जर्मन सम्राटाचं नाव दिलं. त्याच्या मागे ओझी वाहणारे किती जण होते, त्यांची नावं बहुतेक वाचकांना माहीत नसतात. त्या काळी तो मुलूख जर्मन पूर्व आफ्रिका म्हणून ओळखला जाऊ लागला होता. तिथे लवकरच जे नाणं पाडलं गेलं त्याचं नावही रुपिया होतं, कारण हिंदी महासागराच्या त्या किनाऱ्यावर आपला रुपया आधीपासूनच चालत होता. १९०० साली जर्मनांनी चग्गांचा प्रमुख मांगी मेली याला जुन्या मोशीत फाशी दिलं. डोंगर 'शोधला' गेला आणि डोंगराखालच्या माणसांचं राज्य गेलं, या दोन गोष्टी एकाच दहा-बारा वर्षांतल्या आहेत.

म्हणून १९६१ साली टांगानिका स्वतंत्र झाला तेव्हा ९ डिसेंबरच्या सुमारास अलेक्झांडर न्यिरेंडा या तरुण लष्करी अधिकाऱ्याने त्याच माथ्यावर नव्या देशाचा झेंडा आणि मशाल नेली. सम्राटाचं नाव पुसलं गेलं आणि टोकाला 'उहुरू' हे नाव मिळालं. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. ५,८९५ मीटर. आफ्रिकेतलं सर्वांत उंच ठिकाण. आपण मराठवाड्याची माणसं, आपल्याला हे चटकन कळायला हवं. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, आपल्याला १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, तेरा महिने थांबावं लागलं. उदगीरजवळ देवर्जनचं हत्तीबेट आहे. तसं टेकाडच, पण रझाकारांविरुद्धच्या लढ्यात त्या टेकाडाचा आधार झाला. उंची मीटरमध्ये मोजली तर किलिमांजारोपुढे हत्तीबेट म्हणजे काहीच नाही. पण उहुरू या शब्दाने मोजली, तर दोन्ही एकाच जातीचे डोंगर ठरतात.

आता कोणी म्हणेल, सर, अनुमानाला तुम्ही फार झोडपता. तर दुसरी बाजूही सांगतो, आणि ती आपल्याच जमिनीवरची आहे. जगातलं सर्वांत उंच शिखर कोणी चढण्याच्या किती तरी आधी कळलं होतं. कसं? अनुमानाने. आणि त्या अनुमानाचे पाय मराठवाड्यात रोवलेले आहेत.

१८०२ साली विल्यम लॅम्ब्टन याने मद्रासजवळ हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीला सुरुवात केली. त्याची मोठी रेषा दक्षिणेच्या टोकापासून सरळ उत्तरेला निघाली. बिदरजवळ दामरगिद्दा इथे तिचं एक ठाणं, आणि पुढचं मोठं ठाणं वऱ्हाडात टाकळखेडा इथे. या दोन ठाण्यांच्या मधला पट्टा आपल्या आजच्या नांदेड जिल्ह्याच्या अंगावरून जातो. सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट माणसांच्या खांद्यावर, टेकडीमागून टेकडी. प्रत्येक टेकडीवर निशाणं घेऊन उभे असलेले खलाशी, जंगलात तापाने पडणारी माणसं. लॅम्ब्टन स्वतः २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथे आहे. त्याच्या हाताखाली आलेला जॉर्ज एव्हरेस्ट इकडच्या तेलंगणातल्या जंगलात तापाने इतका खंगला, की प्रकृती सुधारायला त्याला आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला जावं लागलं. परत येऊन त्याने ती रेषा हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. त्याच मोजणीच्या आधाराने पुढे १८५२ च्या सुमारास शिखर क्रमांक १५ हे सर्वांत उंच आहे असं गणितातून निघालं. हे गणित करणाऱ्यांत राधानाथ सिकदार प्रमुख होते. १८६५ मध्ये त्या शिखराला एव्हरेस्टचं नाव दिलं गेलं. माणूस प्रत्यक्ष वर पोचला १९५३ मध्ये. म्हणजे मधे शंभर वर्षं.

मग कूलींचं अनुमान का फसलं आणि सिकदारांचं का साधलं? दोघेही खोलीत बसूनच तर्क करत होते. फरक एवढाच, की सिकदारांच्या आकड्यांमागे पन्नास वर्षांची पायपीट होती. कोणी तरी टेकडीवर चढलं होतं, कोन मोजला होता, तापाने मेलं होतं. कूलींच्या तर्कामागे कोणाचेच पाय नव्हते, किंवा ज्यांचे होते त्यांच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. आमचं आजचं म्हणणं इथेच आहे. तर्क वाईट नाही. पायांशिवायचा तर्क आंधळा.

हे आपल्या पूर्वजांना चांगलं माहीत होतं. महानुभावांचं बघा. फलटणचे चांगदेव राऊळ माहूरला आले, तिथे त्यांना दत्तात्रेयांचं दर्शन झालं, ही त्या पंथाची मूळ कथा. माहूरचा डोंगर म्हणजे त्या परंपरेचा उगमच. पुढे चक्रधरस्वामी महाराष्ट्रभर पायी हिंडले. ते जिथे जिथे थांबले, त्या जागांची नोंद करणारा 'स्थानपोथी' नावाचा ग्रंथच पंथात तयार झाला. कुठल्या गावी, कुठल्या देवळात, कोणत्या दिशेला तोंड करून. ज्ञान जागेशी जोडलेलं असतं आणि जागेपर्यंत चालत जावं लागतं, एवढी साधी समजूत त्यामागे आहे. आपले तत्त्वज्ञ, पश्चिमेतल्या अ‍ॅरिस्टॉटलच्या शिष्यांसारखेच, चालते होते. आपण मात्र तत्त्वज्ञान खुर्चीत बसवलं. त्यात आमच्यासारख्या प्राध्यापकांचा हात मोठा.

माहूरचंच दुसरं उदाहरण. रायबागन. माहूरच्या देशमुख घराण्यातली ही बाई मोगलांच्या बाजूने लढत होती. १६६१ च्या फेब्रुवारीत ती कारतलबखानाबरोबर सह्याद्री उतरत होती. उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्यांना गाठलं. अरुंद वाट, दोन्हीकडे झाडी, पाणी नाही. खानाकडे फौज मोठी, त्याचं अनुमान सरळ, की मोठी फौज जिंकते. रायबागनने मात्र ओळखलं, की इथे डोंगराचा कायदा चालतो. शरण जा, असं तिने सुचवलं आणि माणसं वाचली. माहूरच्या जंगलडोंगरातली ती बाई. डोंगरात ताकदीपेक्षा जागा मोठी, हे तिला कोणी पुस्तकातून शिकवलं नसणार.

आणि आफ्रिका आपल्याला परकी आहे, हा समजही काढून टाका. मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेला आणि दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, त्याने वसवलं. डोंगराळ मुलखात मोठ्या फौजेला कसं दमवायचं, हे त्याने मोगलांना दाखवून दिलं. तिकडच्या स्वाहिली भाषेत दुकानाला 'दुका' म्हणतात, विम्याला 'बिमा', चपातीला चपातीच. सफारी हा शब्द तर आपल्या नांदेडच्या बोलीतल्या सफरचा सख्खा भाऊ.

आता जमिनीखाली जरा बघू. किलिमांजारो हा ज्वालामुखी आहे. शिरा, मावेन्झी आणि किबो अशी त्याची तीन तोंडं, पहिली दोन विझलेली, किबो झोपलेला. आपण ज्या काळ्या मातीवर उभे आहोत, तीही लाव्ह्याचीच. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. त्या मानाने किलिमांजारो अगदी कालचं पोर. म्हणजे डोंगरावर धूर नसला तरी अग्नी होता, हे आपल्या शेतातली माती रोज सांगते. नैयायिकाने पायाखाली पाहिलं असतं, तर त्याला आणखी एक उदाहरण मिळालं असतं!

बरं, आता लाभाकडे येऊ. आमची एक माजी विद्यार्थिनी मध्यंतरी किलिमांजारोला जाऊन आली. आम्ही तिला विचारलं, काय मिळालं? ती म्हणाली, "सर, तिथे वाटाडे सारखे एकच सांगतात, पोले पोले. हळूहळू. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी हळू चाल म्हणालं." हे वाक्य आम्ही विसरलेलो नाही. तिथे हळू चालणं ही सूचना शरीरशास्त्राची आहे. माथ्यावरच्या हवेतही प्राणवायूचं प्रमाण इथल्याइतकंच, सुमारे २१ टक्के. पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, म्हणून प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही निम्मा. शरीराला सवय व्हायला दिवस लागतात. जो घाई करतो त्याला डोकेदुखी, मळमळ, आणि कधी जिवावर बेततं. तब्येतीने दांडगा तरुण परत फिरतो आणि साठीची बाई सावकाश वर पोचते, असं तिथे घडतं. शेत, घनदाट जंगल, झुडपांचं माळरान, खडकाळ वाळवंट आणि बर्फ, अशा पाच पट्ट्यांतून माणूस पाच-सहा दिवसांत जातो. ते बर्फही १९१२ पासून आजवर ८० टक्क्यांहून अधिक वितळून गेलं आहे. विषुववृत्तावर बर्फ असूच शकत नाही, हे कूलींचं म्हणणं आता उलट्या वाटेने खरं ठरायला निघालं आहे. त्याला कारण आपण सगळे.

हळू चालायला सांगणारं कोणी नाही, ही तक्रार आपल्या लातूर-नांदेडच्या किती मुलांची असेल? लातूर पॅटर्नचा आपल्याला अभिमान आहे, तो असावाही. शेतकऱ्यांची, मजुरांची मुलं त्यातून डॉक्टर झाली. पण सकाळी क्लास, दुपारी क्लास, रात्री अभ्यासिका. दोन वर्षं मूल खुर्चीतून उठत नाही. भूगोलात त्याला बालाघाट विचारा, फाडफाड सांगेल. बालाघाटाच्या एका टेकडीवर त्याचे पाय लागलेले नसतात. सगळं ज्ञान शब्द आणि अनुमानाचं, प्रत्यक्षाचा रकाना रिकामा. आणि मग एका परीक्षेत आकडा कमी आला, की ते मूल कोसळतं. का? कारण पडून उठणं, अर्ध्यातून परत फिरणं, पुढच्या वर्षी पुन्हा जाणं, हे त्याच्या अंगाला कधी शिकवलंच नाही.

२०१६ हे वर्ष आठवा. औरंगाबादच्या पोलीस दलातले रफिक शेख त्या वर्षी एव्हरेस्टवर पोचले. त्याआधी २०१४ मध्ये हिमस्खलनामुळे आणि २०१५ मध्ये नेपाळच्या भूकंपामुळे त्यांना रिकाम्या हाती परतावं लागलं होतं. त्याच वर्षी पुण्याच्या एका पोलीस जोडप्याने आपणही माथा गाठल्याचं सांगितलं. छायाचित्रं बनावट निघाली, नेपाळ सरकारने प्रमाणपत्रं रद्द केली आणि दहा वर्षांची बंदी घातली. डोंगर तोच, वर्ष तेच. एकाने दोनदा परत फिरून तिसऱ्यांदा पाय रोवले, दुसऱ्याने नुसता शब्द मिळवला. न्यायाच्या भाषेत सांगायचं तर आप्तवाक्य हे आप्ताचंच असावं लागतं. फोटो आला म्हणून प्रत्यक्ष घडलं, असं होत नाही.

शेवटी एक टोचणारी गोष्ट सांगायलाच हवी. चालण्याचे लाभ सांगताना आपण हे विसरतो, की आपल्या भागात बहुतेक माणसं लाभासाठी चालली नाहीत. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून शतकानुशतकं चालले, ते पोटासाठी. १९७२ च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला मैलोन् मैल चालली. आजही ऊसतोडीला जाणारी जोडपी दिवाळीनंतर घर सोडतात. किलिमांजारोवरही पर्यटकाच्या पाठीवर पाण्याची बाटली असते आणि हमालाच्या डोक्यावर वीस किलोपर्यंतचं ओझं. दोघंही तोच डोंगर चढतात. एकाला अनुभव मिळतो, दुसऱ्याला मजुरी. म्हणून डोंगर चढणाऱ्याला काही शहाणपण यायचं असेल, तर त्याची पहिली खूण ही, की त्याला ओझं वाहणाऱ्याचं नाव माहीत असावं. त्या विद्यार्थिनीला आम्ही हेही विचारलं. तिने चारही हमालांची नावं सांगितली, एकाच्या मुलीची इयत्तासुद्धा. आम्हाला वाटतं, ती खरोखर वर पोचली होती.

आपल्याला टांझानियाचं तिकीट परवडो न परवडो, नारळी पौर्णिमेला माहूरची परिक्रमा असते. हजारो माणसं पावसात, चिखलात, रेणुकेचा, दत्ताचा, अनसूयेचा डोंगर करत चालतात. लातूरकरांना खरोशाची लेणी आहेत, औषधी झाडांचं वडवळ नागनाथ बेट आहे. आमची पालकांना एकच विनंती. वर्षातला एक रविवार क्लास बुडवा. मुलाला घेऊन जा, पण गाडी वरपर्यंत नेऊ नका, पायथ्याशी ठेवा. तुमचे गुडघे दुखत असतील तर मधल्या पायरीवर बसा आणि त्याला पुढे जाऊ द्या. वर काय दिसलं, ते खाली आल्यावर त्याच्याच तोंडून ऐका. त्या दिवसापुरता त्याचा शब्द प्रमाण माना.

 आता काही प्रश्न असतील तर जरूर विचारा.